छत्रीवाली की घोडेवाली

माणसानं रुसावं, मी नाही म्हणत नाही. मीही रुसते. पण रुसायला काही वय, काही कारण लागतं की नाही? आमचे हे डोक्यावरचे उरलेसुरले केस जपायच्या वयात रुसले, ते व्याह्यांवर, आणि तेही अशा माणसांच्या गाण्यांवरून, ज्यांना हे दोघं जगात आहेत याचा पत्तासुद्धा नाही.

रुसवा म्हणजे कसा, तर व्याह्यांचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. ते समोरून येताना दिसले की हे बुटाची नाडी बांधायला खाली वाकतात. पायात चपला असतात. बूट का नसतात, ते सांगते.

हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले. स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात हे यांना आजवर कळलेलं नाही. पण साठ ते सत्तर सालांत कुठली रेकॉर्ड कुठल्या महिन्यात निघाली, तिच्यात ड्रम कुणी बडवला आणि गाणाऱ्याला त्या दिवशी सर्दी होती की नव्हती, हे यांना झोपेतून उठवून विचारा. व्याही त्याच पंथातले. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात ओळख झाली, येणंजाणं वाढलं, आणि त्यांची मुलगी आमची सून झाली. त्या गाण्यांचा मला झालेला हा एवढाच उपयोग, पण तो मी मान्य करते.

शाळेशी माझं फार जमलं नाही, त्यामुळं रेकॉर्डींवरची बारीक अक्षरं माझ्या कामाची नाहीत. मी चित्रावरून ओळखते. यांची ती छत्रीवाली: पाऊस नाही, ऊन नाही, तरी बाई छत्री उघडून उभी. तिची गाणी रचणारा मागच्या बाजूला आहे, जाड चष्म्याचा. व्याह्यांची ती घोडेवाली: तीन घोडे, त्यातला एक पाठमोरा. ती गाणी रचणाऱ्यानं डोक्यावरची टोपी अशी ओढलीय की उधारी मागणारा समोरून येतोय वाटावं. यांचं म्हणणं, चाल बांधावी तर चष्मेवाल्यानं. व्याह्यांचं म्हणणं, शब्द लिहावेत तर टोपीवाल्यानं. माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

विहीणबाई गेल्यापासून व्याह्यांचं रविवारचं जेवण आमच्याकडेच असतं. जेवण झालं की दोघं बाहेरच्या खोलीत बसून साठची सालं उकरतात. त्या रविवारी विषय निघाला, त्या दहा वर्षांतली सगळ्यात मोठी रेकॉर्ड कुठली. मोठी म्हणजे आकारानं नव्हे. ते मी आधीच विचारून घेतलं होतं.

हे म्हणाले, "छत्रीवाली. त्यात वादच नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एक धागा आहे."

"धागा आहे हो," व्याही म्हणाले, "पण कापड कुठाय? तुमच्या चष्मेवाल्याला शब्द सुचले नाहीत की तो ला ला ला करतो."

"तो सूर असतो, डॉक्टर."

"आमचा टोपीवाला एका ओळीत आख्खं लग्न मोडून दाखवतो."

"दाखवतो ना. फक्त गायला लागला की वाटतं, कुणीतरी त्याच्या दाढेला हात घातलाय. म्हणून तर तुम्हाला आवडतो तो."

हे बोलायला नको होतं. व्याही दातांचे डॉक्टर. जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला, पण तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. ते ताडकन उठले, दारात पायात सापडले ते बूट घातले आणि निघून गेले. ते बूट यांचे होते. व्याह्यांचे आमच्याकडे राहिले. आता यांनी मागायचे नाहीत, कारण मग आधी बोलल्यासारखं होतं. त्यांनी आणून द्यायचे नाहीत, कारण मग चूक कबूल केल्यासारखं होतं. म्हणून चपला.

पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग सुनेचं तोंड दिसलं. ती सकाळी वडिलांना डबा द्यायला जायची, तिथं सासऱ्याची अक्कल ऐकायची. घरी यायची, इथं वडिलांची अक्कल ऐकायची. "तुझ्या पपांना सांग, सत्तर सालची रेकॉर्ड साठच्या दशकात धरत नाहीत." "तुझ्या सासऱ्यांना सांग, चोरलेल्या चालीला चाल म्हणत नाहीत." पोरगी म्हणजे काय टपालपेटी आहे?

आमच्या मुलाला ऑफिसनं दुसऱ्या शहरात जागा देऊ केली होती. दोघांनी आधी नको ठरवलं होतं. आता एका सकाळी सून शांतपणे म्हणाली, "आई, आम्ही ती जागा घेतोय. सोमवारी कळवायचं आहे." आणि दुकानातून आणलेली रिकामी खोकी तिच्या खोलीच्या दाराआड रचायला लागली. एका खोक्यात तिची पुस्तकं गेलीसुद्धा.

मला काय, जाईनात का. घर मोकळं होईल. फक्त औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला कुणी राहणार नाही. आणि भाजीत मीठ जास्त पडलं तर तसं तोंडावर सांगणारी या घरात ती एकटीच आहे. बाकीचे दोघं मुकाट्यानं पाणी पितात.

तर मी फर्मान काढलं. सोमवारच्या आत हा सोक्षमोक्ष लागला पाहिजे. रविवारी चार शेजारी बोलवायचे, दोन्ही रेकॉर्डी वाजवायच्या, हात वर करून मत घ्यायचं. हरेल त्यानं आधी बूट काढायचे. दोघांनीही लगेच हो म्हटलं, कारण दोघांनाही आपण जिंकणार याची खात्री होती. मूर्खपणा असा दोन्ही बाजूंनी सारखा असला की काम सोपं जातं.

असं मला वाटलं.

खालच्या मजल्यावरचे बेलिफ आधी आले. कोर्टाच्या नोटिसा वाटण्यात त्यांची नोकरी गेली, पण बोलतात असे की फाशी यांनीच सुनावली. म्हणाले, "वहिनी, हात वर करून निकाल लागत नसतो. आधी मुद्दे ठरवा. घोडेवाली गाऊन झाली डिसेंबरात आणि दुकानात आली जानेवारीत, सत्तर साल उजाडल्यावर. मग ती साठच्या दशकातली धरायची कशी?"

मी म्हटलं, "पोर नऊ महिने कुणाच्या पोटात होतं ते बघा. बारसं कधी झालं ते नका बघू."

बेलिफ विचारात पडले. ते असे विचारात पडले की वर आमच्याकडे चहाला थांबतात.

मग समोरचा मोटार शिकवणारा आला. त्याचं म्हणणं, मोठी रेकॉर्ड ही चीजच खोटी. "काकू, एक गाणं गाडी चालवतं. बाकीची मागं बसून फुकट येतात." त्याच्या ओळखीचे आणखी काही जण याच मताचे आहेत आणि तेही येणार, असं त्यानं मला परस्पर सांगून टाकलं. कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला गाण्यातलं काही कळत नाही, पण तिचा सल्ला तयार. "काकू, रेकॉर्डी जरा चकचकीत दिसू द्या. लोक आधी रूप बघतात, मग गुण." हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. राहायला नको होतं, असं नंतर सगळे म्हणाले. मी म्हटलेलं नाही.

माणसं वाढली, खोली पुरेना. तेव्हा बिल्डिंगचा हॉल मागायला मी सेक्रेटरीकडे गेले. हा माणूस स्वतःच्या घराची बेल वाजवायलाही बहुतेक अर्ज करत असेल. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कार्यक्रमाचा प्रकार?"

"दोन म्हाताऱ्यांचं भांडण मिटवायचंय."

"भांडणाला हॉल देत नाही."

"मग गाण्याचा कार्यक्रम लिहा."

"त्याला समितीची मंजुरी लागते. समिती महिन्याच्या शेवटी बसते."

"मला रविवारी पाहिजे."

त्यानं बराच वेळ पेन्सिल कानात फिरवली. मग म्हणाला, "शोकसभेला मंजुरी लागत नाही. माणूस काही समितीची तारीख बघून जात नाही ना. तुमच्या या गाणी लिहिणाऱ्यांपैकी कुणी वारलंय का?"

"चष्मेवाला वारलाय. टोपीवाल्याचं यांना विचारावं लागेल."

"एक पुरे. किती वारले पाहिजेत असं नियमात नाही."

आणि त्यानं खालच्या फळ्यावर खडूनं लिहून टाकलं: शोकसभा, रविवार सकाळ, हॉल, तिसऱ्या मजल्यातर्फे. वारलं कोण, ते लिहायला फळ्यावर जागा उरली नाही.

आता बघा. पहिले काही दिवस चपलांवर काढल्यावर हे घराबाहेर पडायचे बंद झालेले. पायात बूट नाहीत, गल्लीत व्याही भेटतील, म्हणून दिवसभर खोलीत. बिल्डिंगनं फळा वाचला, यांचं न दिसणं त्यात मिळवलं, आणि हिशेब केला.

शनिवारी सकाळी मी दार उघडलं तर पार्लरवाली फुलं घेऊन उभी. मला कवटाळून म्हणाली, "काकू, मन मोकळं करा."

मला वाटलं, सून जाणार हे हिला कळलं. मी म्हटलं, "कशाला रडू? ज्याला जायचं तो जाणार."

"केवढं धैर्य आहे तुमचं," ती म्हणाली. "काकांना शेवटी फार त्रास झाला का?"

"त्यांना कसला त्रास? त्रास सगळा मला."

तेवढ्यात हे तोंडात टूथब्रश घेऊन आतून आले आणि टॉवेल कुठाय म्हणून विचारलं. पार्लरवाली सोफ्यावर बसली ती पाणी प्यायल्याशिवाय उठली नाही. तिच्यामागं बेलिफ, त्यांच्यामागं मोटारवाला, सगळे पडलेल्या चेहऱ्यानं आले आणि यांना बघून आणखी पडलेल्या चेहऱ्यानं परत गेले. हे मात्र खूष. फेस पुसत म्हणाले, "बघितलंस? किती वाईट वाटलं लोकांना."

आणि मग जिन्यात धाड धाड पावलं वाजली. व्याही. तीन मजले पळत चढलेले, छाती भात्यासारखी, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, पायात यांचे बूट. दारातून त्यांनी यांना बघितलं. यांनी त्यांना बघितलं. व्याह्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग भान आलं, तोंड फिरवलं, आणि तीन मजले उतरून गेले.

हे टूथब्रश हातात धरून दारापर्यंत गेले. मी म्हटलं, "हाक मारायची होती." म्हणाले, "त्यांनी का नाही मारली?"

दुपारी सुनेनं व्याह्यांची घोडेवाली आणून दिली आणि ती पुन्हा खोकी भरायला गेली. मी छत्रीवालीही काढली. यांनी ती जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून, माझ्या ठेवणीतल्या कपड्यांखाली ठेवली होती. उघडली तर आत पांढरी बुरशी. घोडेवालीची तीच गत. उद्या आख्खी बिल्डिंग बघायला येणार आणि घरात बुरशी. लोक नाव कुणाला ठेवतील, यांना? नवऱ्याच्या रेकॉर्डीवरची बुरशी ही बायकोचीच असते.

मी घमेल्यात कढत पाणी घेतलं, साबणाचा चुरा टाकला आणि दोन्ही भिजत घातल्या. मऊ फडक्यानं पुसल्या, हो, मला काय कळत नाही? फक्त मधला गोल कागद फुगून कडेनं सुटायला लागला होता, तो ब्रशनं घासून पार काढून टाकला. अर्धवट सुटलेला कागद किती वाईट दिसतो. मग गॅलरीत उन्हात वाळत ठेवल्या. संध्याकाळी उचलल्या तेव्हा आरशासारख्या चमकत होत्या. थोड्या लहरी आल्या होत्या, पण शोभून दिसत होत्या.

रविवारी सकाळी यांनी त्या बघितल्या आणि भिंत धरली.

"तू यांना धुतलंस?"

"मग तशाच लोकांपुढं मांडायच्या?"

"अगं, यातली कुठली कुठली आहे?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. दोन्ही काळ्या, दोन्ही गुळगुळीत, दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या. मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्यावर जीव टाकता ना? वाजवली की ओळखाल."

सभेला चपला बऱ्या दिसणार नाहीत म्हणून हे व्याह्यांचे बूट घालून आले. एक माप मोठे; चालताना टाचेशी फटफट. पलीकडे व्याही यांच्या बुटांत, एक माप लहान, लंगडत. हॉल गच्च. निम्मे गाणी ऐकायला आलेले, निम्मे हे खरंच जिवंत आहेत का ते बघायला.

बेलिफ उभे राहिले. फळ्यावर शोकसभा लिहिलंय तेव्हा आधी स्तब्धता पाळावीच लागेल, नाहीतर सभा बेकायदा ठरेल, म्हणाले. सगळे चष्मेवाल्यासाठी उभे राहिले. यांचे डोळे भरून आले. व्याहीही उभे राहिले, पण सगळा भार एकाच पायावर ठेवून. मला वाटलं, अर्धीच आदरांजली वाहतायत. नंतर लक्षात आलं, बूट चावत होते.

सुनेनं पहिली रेकॉर्ड लावली. दोन्ही कव्हरं तिच्या मांडीवर होती. रेकॉर्डीला लहरी आल्यामुळं आवाज असा यायचा, जसं खड्ड्यांच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीत बसून कुणी गातंय. शब्द कुणालाच कळेनात, चाल मध्येच उडी मारायची. पण खरं सांगते, गाणं वाईट नव्हतं. मी पायानं ठेका धरला होता, तो कुणी बघत नाहीये बघून.

हे डोळे मिटून डोलायला लागले. "ऐका," हे बेलिफांना म्हणाले, "हा तो धागा."

पलीकडे व्याही डोळे मिटून डोलत होते. मोटारवाल्याला म्हणाले, "ऐका, आता ती ओळ येईल बघा."

दुसरी लागली. यांनी नाक मुरडलं. व्याह्यांनी कान चोळला. दोघांनी एकमेकांकडे कीव केल्यासारखं बघितलं.

बेलिफांनी हात वर करायला सांगितले. झाडून सगळे पहिलीच्या बाजूनं. हे उठून उभे राहिले आणि नम्रपणे मान झुकवली. त्याच वेळी व्याही उठून उभे राहिले आणि नम्रपणे मान झुकवली.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी सेक्रेटरीनं आवाजाची तक्रार केली असती.

"तुम्ही का उठलात?" यांनी विचारलं. महिनाभरानंतरचा पहिला शब्द.

"माझी जिंकली म्हणून."

"पहिली छत्रीवाली होती."

"पहिली घोडेवाली होती. तीन घोड्यांची टाप ऐकू येत होती, कान साफ करा."

"ती टाप नाही, तो ड्रम होता. त्या दिवशी त्याला सर्दी होती, म्हणून तसा वाजतो."

बेलिफांनी हात वर केला. "एक मुद्दा. आपण ही रेकॉर्ड शेवटची ऐकली कधी?"

मग हे जमिनीकडे बघत म्हणाले, "वाजवली की झिजते ना."

"मी तर हिच्या जन्मापासून काढलेलीच नाही," व्याही मुलीकडे बोट करून म्हणाले. "लहान पोर घरात, ओरखडा पडला असता."

सून बघतच राहिली. "म्हणजे माझं एवढं वय झालं, आणि तुम्ही ती ऐकलीच नाही?"

"ऐकायची काय गरज? आठवते ना," दोघं एकदमच म्हणाले.

मोटारवाल्यानं उपाय काढला. कव्हरांच्या मागच्या बाजूला गाण्यांची नावं छापलेली आहेत. सूनबाईंनी एक गाणं पुन्हा लावावं, कान देऊन ऐकावं आणि ताडून बघावं. सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या. तिनं सुई ठेवली, वाकून ऐकलं, मांडीवरच्या एका कव्हरावर बोट फिरवत गेली. बोट एका जागी थांबलं. तिला कळलं. आणि तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. औषधाच्या बाटलीवर काही वाईट लिहिलेलं असलं की ती अशीच बघते: वाचू का, आई?

तिनं वाचलं असतं तर दोघांपैकी एक बाप हरला असता. हरलेला बाप उद्या तिच्या डब्याला हात लावणार नाही, आणि उद्या सोमवार.

मी उठले. तिच्या मांडीवरची दोन्ही कव्हरं उचलली, खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्यावर बसले. आता मला उठवायची कुणाची छाती आहे, ते बघत राहिले. कुणाची नव्हती.

"अगं, असं काय करतेस?" हे म्हणाले. "निकाल लागायला नको?"

"निकाल मी देते," मी म्हटलं. "दोन्ही रेकॉर्डी आमच्या घरी राहतील. प्लास्टिक नाही, चिकटपट्टी नाही, माझ्या साड्यांखाली तर मुळीच नाही. डॉक्टर रविवारी जेवायला येतील, रोज संध्याकाळी चहाला येतील, आणि रोज दोन्ही वाजतील. लावायला सून लागेल. तुम्हा दोघांना सुई धरता येत नाही, हात थरथरतात. कुठली कुणाची, ते तिला ठाऊक आहे आणि ती सांगणार नाही."

व्याही घाबरून म्हणाले, "अहो, पण रोज वाजवल्या तर झिजतील."

सून हसली. किती दिवसांनी हसली. मुलाकडे वळून म्हणाली, "उद्या त्यांना नको म्हणून कळव. आणि ते पुस्तकांचं खोकं रिकामं करून आण, हे यंत्र टेबलावर डुगडुगतंय. खाली ठेवायला काहीतरी हवं."

मुलगा पळतच गेला. त्यालाही जायचं नव्हतंच. या घरात पुरुषांना काय हवं ते बायकांनी सांगावं लागतं.

हे मात्र अजून उभेच, व्याह्यांच्या मोठ्या बुटांत, तोंड पाडून. "ते सगळं ठीक आहे," हळूच म्हणाले. "पण मोठी कुठली, ते राहिलंच."

मी कव्हरांवर नीट टेकून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं यांना सांगितलं:

"अहो, जी आधी झिजेल ती मोठी. आता डॉक्टरांचे बूट काढून त्यांना द्या, तुमचे घाला, आणि दोघं वर चला. जेवण गार होतंय."